आजोबांची आभाळं आणि एक वाकडी बरणी

घर सजवायचं म्हटलं की सगळं बोलणं निवडीभोवती फिरतं. भिंतीला कुठला रंग, पडदे कुठले, थीम काय. पण वारशात आलेल्या वस्तूंना थीम बिम काही नसते, त्या येतात आणि बसतात. कुणाच्या तरी माघारी, खोक्यातून, जुन्या चादरीत गुंडाळून, आणि सोबत एक वाक्य हमखास येतं, "तुझ्याकडे नीट राहील गं". ऐकायला कौतुक वाटतं, पण बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं तर सुटलो एकदाचे असा भाव स्वच्छ दिसतो.

माझ्याकडे असं बरंच नीट राहायला आलंय. आजोबांची जलरंगातली निसर्गचित्रं, म्हणजे माणूस हौशी, दिवसभर नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी पेटी घेऊन बाहेर, पण हात चांगला होता. आत्याची एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, ती रीतसर कला शिकलेली. आणि एक भलंमोठं तैलचित्र, कोट घातलेल्या एका गंभीर गृहस्थाचं, जे कोण आहेत हे घरात कुणालाच ठाऊक नाही. बाबा म्हणायचे आजोबांचे मामा, काका म्हणतात छे, आपल्या नात्यातच नाहीत ते, कुणीतरी आजोबांना दिलं होतं ते चित्र. आजोबांना विचारायचं राहून गेलं आणि आता विचारायला कोणी उरलं नाही.

दुसऱ्या बाजूला मी स्वतः जमवलेली हाताने घडवलेली मातीची भांडी. चहाचे मग, वाडगे, पसरट थाळ्या, एक उंच बरणी जी एका बाजूला स्पष्टपणे झुकलेली आहे, आणि काही अशा वस्तू की त्यांचा उपयोग काय असं विचारल्यावर मी विषय बदलते. यातलं एकही मला कुणी दिलेलं नाही, प्रत्येक हातात घेऊन, वजन बघून, उलटं करून बघून घेतलेलं आहे.

बरीच वर्षं हे दोन गट आमच्या घरात वेगवेगळे राहायचे. चित्रं हॉलमध्ये, पाहुण्यांसाठी, आणि भांडी किचनमध्ये किंवा माझ्या टेबलावर, माझ्यासाठी. एकत्र आणली ती जागेच्या अडचणीमुळे, त्यात सौंदर्यदृष्टी वगैरे काही नव्हती. पण एकत्र आल्यावर असं काही झालं की तेव्हापासून मला सजावटीबद्दल ठाम मतं झालीयेत. वारशातल्या चित्रांची अडचण अशी की ती सतत 'हात लावू नकोस' म्हणत असतात आणि त्यामुळे सगळी खोलीच हळूहळू हात बांधून बसते. मातीचं भांडं उलट उचलल्याशिवाय कळतच नाही. ही दोन्ही शेजारी ठेवली की चित्रांचा दरारा कमी होतो आणि भांड्यांकडे लोक जरा नीट बघायला लागतात. माझ्या मते सजावट एवढंच काम करते, बाकीचं सगळं मापांचं आणि उजेडाचं गणित आहे.

त्या गणिताची सुरुवात मात्र फ्रेमच्या मागून करायला लागते. आलेलं चित्र आहे तसं भिंतीवर टांगू नये, आधी उघडून बघावं, आणि स्वतः उघडायचा धीर नसेल तर जाणकाराकडून उघडून घ्यावं. आजोबांचं एक संध्याकाळचं चित्र होतं, पाणी, काठावरची झाडं आणि वर राखाडी आभाळ. त्यांची सगळीच आभाळं तशी, करडी, थोडी मळकट, आणि घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं की आजोबांचा मूळ स्वभावच उदास. आमच्या फ्रेमवाल्या काकांनी ते चित्र पालथं घातलं, मागचा तपकिरी कागद ब्लेडने कापला, गंजलेले बारीक खिळे पक्कडीने एकेक करून काढले, मागचा पुठ्ठा उचलला तर त्याचा हाताला भुगा लागला, आणि मग त्यांनी माउंट, म्हणजे चित्राच्या चारी बाजूंनी असते ती पुठ्ठ्याची चौकट, अगदी हळू वर उचलली. आणि म्हणाले, "ताई, हे बघा."

माउंटच्या खाली झाकलेली जेमतेम बोटभर रुंदीची पट्टी होती आणि त्या पट्टीत आभाळ गुलाबी होतं. चांगलं तेजस्वी गुलाबी, खाली केशरीकडे जाणारं. म्हणजे आजोबांनी संध्याकाळ रंगवली होती, नीट, रंगीत, आणि आम्ही सगळे इतकी वर्षं उजेडाने खाऊन टाकलेल्या चित्राकडे बघून त्यांच्या स्वभावाचं निदान करत होतो.

याचं कारण अगदी साधं आहे. जुन्या जलरंगांतले काही लाल-गुलाबी रंग, ॲलिझरिन क्रिमझनसारखे, उजेडात उडतात. टर्नरसारख्या दिग्गज चित्रकारानेही न टिकणारे लाल बिनधास्त वापरले होते आणि त्याच्या काही चित्रांतला आभाळाचा लाल आज फिका पडलाय, तर आमच्या आजोबांच्या पेटीतल्या ट्यूबचं काय घेऊन बसलात. आणि उडालेला रंग परत येत नाही. उजेडाचं नुकसान साठत जातं, चित्र चार महिने अंधारात ठेवलं तर ते थांबतं, भरून निघत नाही. म्हणून संग्रहालयांत कागदावरच्या कामांना साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड देतात, तैलचित्रांना १५० ते २०० पर्यंत चालतो. भर दिवसा खिडकीजवळ हाच आकडा हजारांत जातो. त्यामुळे संग्रहालयाच्या खोल्या अंधाऱ्या का असतात असं वैतागून विचारणाऱ्यांना (मीही त्यात असायचे) उत्तर हे आहे.

घरात ५० लक्समध्ये राहता येत नाही हे मान्य. पण खिडकीसमोरची भिंत जलरंगांना द्यायची नाही एवढं करता येतं. खिडकीच्याच भिंतीवर, दोन खिडक्यांच्या मधल्या जागेत लावलं तर त्यावर सरळ ऊन पडत नाही, किंवा पॅसेजमध्ये, जिथे दिवा गरजेपुरताच लागतो. यूव्ही अडवणारी काच मिळते, ती अतिनील किरणांचा बहुतेक सगळा भाग अडवते, पण दिसणारा उजेडही रंग उडवतोच, त्यामुळे ती काच लावली म्हणजे वाट्टेल तिथे टांगायची मुभा मिळाली असं नाही. काही लोक चित्रं आलटून पालटून लावतात, अर्धी कपाटात आणि अर्धी भिंतीवर. मला हे आवडतं. दुसरं काही नाही तरी भिंतीकडे परत लक्ष जातं, एरवी महिन्याभरात आपल्याला स्वतःच्या घरातलं चित्र दिसेनासं होतं.

माउंटचाही एक किस्सा आहे. जुने माउंट लाकडाच्या लगद्याचे, त्यात आम्ल तयार होतं आणि जिथे पुठ्ठ्याची कापलेली कड चित्राला टेकते तिथे तपकिरी रेघ उमटते, भाजल्यासारखी. ही रेघ घरी पुसायला जाऊ नये. नवीन माउंट ॲसिड-फ्री घ्यायचा, शक्यतो कापसाच्या लगद्याचा, आणि चित्र माउंटला चिकटवताना सेलोटेप किंवा फेव्हिकॉल अजिबात नाही. जाणकार लोक जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण ती पुढे कधी काढायची झाली तर पाण्याने सुटते. शिवाय काच चित्राला टेकता कामा नये, मधे थोडी हवा हवी, नाहीतर दमट दिवसांत कागद काचेला चिकटतो. आणि कसर. कसरीला खळ आणि कागद दोन्ही आवडतात, त्यामुळे फ्रेमची मागची बाजू नीट बंद हवी आणि ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ती टांगायची नाही.

आत्याच्या एचिंगच्या वेळी फ्रेमवाल्या काकांशी माझा चांगला वाद झाला. एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, त्यावर सुईने रेघा ओढतात, पत्रा ॲसिडमध्ये बुडवला की उघड्या पडलेल्या रेघा खोल होतात, मग त्यात शाई भरून ओल्या कागदावर प्रेसखाली दाबतात. त्या दाबाने पत्र्याच्या कडेची एक खोलगट चौकट कागदात उमटते. ही चौकट आणि तिच्याखाली पेन्सिलने लिहिलेला प्रतीचा आकडा आणि सही हे सगळं दिसलंच पाहिजे, ते त्या कामाचाच भाग आहे. काकांना ते सगळं माउंटखाली झाकून फक्त चित्र दाखवायचं होतं, "स्वच्छ दिसेल". मी म्हटलं काका, तिची सही झाकली तर आत्या वरून येऊन फ्रेम फोडेल. मग मोठा माउंट केला. आता त्या दाबाच्या खोलगट कडेवर संध्याकाळी दिव्याचा उजेड तिरका पडतो तेव्हा ती कड आख्ख्या चित्रापेक्षा जास्त छान दिसते असं माझं प्रामाणिक मत आहे.

उंचीचं एकच सांगते. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर, म्हणजे सरासरी नजरेच्या पातळीला. बहुतेक घरांत चित्रं फार वर असतात, खिळा ठोकणाऱ्याचा हात जिथे पोचला तिथे. सोफ्याच्या किंवा शेल्फच्या वर असेल तर मधे वीतभर अंतर पुरे, त्याहून जास्त ठेवलं की चित्र तरंगायला लागतं. जड फ्रेमला दोन हूक, मागे दोन बाजूंना डी-रिंग, म्हणजे डी आकाराच्या कड्या, आणि खालच्या कोपऱ्यांना छोटे रबरी तुकडे म्हणजे मागून हवा खेळते.

आणि ज्येष्ठताक्रमाने चित्रं लावू नका. वारसा मिळालेल्या घरांत हे फार दिसतं, सगळ्यात जुनं आणि मोठं मध्यभागी, मग वयाप्रमाणे आजूबाजूला, शाळेच्या ग्रुप फोटोसारखी सगळी मांडणी आणि मधे बसलेले हेडमास्तर. आमच्याकडे कोटवाले गृहस्थ त्या जागी असायचे. सोफ्याच्या बरोबर वर, आणि त्यांच्या त्या नजरेखाली कोणी सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचं नाही. मी त्यांना तिथून हलवून दाराजवळच्या कोपऱ्यात आणलं, जरा खाली, आणि त्यांच्यासमोर छोट्या टेबलावर एक काळपट चमकदार वाडगा ठेवला. आता घरात येणारा प्रत्येक जण त्यात किल्ल्या टाकतो आणि टाकताना त्यांच्याकडे बघतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोक त्यांच्याशी काहीतरी बोलतात, "काय, आज उशीर" वगैरे. घरचे काका आले तेव्हा थोडे दुखावले, "अरे दाराशी बसवलंस त्यांना?" मी म्हटलं तुम्हीच म्हणता ना आपले कुणी नाहीत.

(तैलचित्रांबद्दल एक विनंती. जुनी पिवळट वार्निश बघून घरात कोणीतरी बटाटा किंवा पाव घासायचा सल्ला देईल, हा सल्ला अनेक पिढ्या फिरतोय. करू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची आणि तेही रंगाचे पापुद्रे सुटलेले नसतील तरच. बाकीचं काम ते शिकलेल्या माणसाचं आहे.)

किल्ल्यांचा तो वाडगा टेनमोकु ग्लेझचा आहे, आणि त्याच्याबद्दल मी कितीही वेळ बोलू शकते. ग्लेझ म्हणजे मुळात काचच, वाळूतलं सिलिका, मातीतलं ॲल्युमिना आणि त्यांना कमी तापमानात वितळवणारं काहीतरी, राखेसारखं. त्यात लोह घातलं की रंग येतो, आणि किती घातलं आणि भट्टीत हवा किती होती त्यावर सगळं ठरतं. एक-दोन टक्के लोह आणि प्राणवायू कमी असलेली आग, की तो धुकट हिरवा सेलाडॉन मिळतो. तेच लोह आठ-दहा टक्क्यांवर नेलं की काळा-तपकिरी टेनमोकु, आणि वाडग्याच्या कडेला, जिथे ग्लेझ ओघळून पातळ होतं, तिथे गंजाच्या रंगाची रेघ. म्हणजे माझ्या शेल्फवरचा हिरवा मग आणि दारातला काळा वाडगा दोघांच्याही अंगात एकच धातू आहे. ही दोन भांडी शेजारी ठेवली की कधीच विशोभित दिसत नाहीत, आणि मला वाटतं डोळ्याला ते नातं कळत असावं, आपल्याला कारण माहीत असो नसो.

मातीचं भांडं बघायचं तर आधी उलटं करा. बूड ग्लेझशिवाय असतं कारण ग्लेझ वितळून भट्टीच्या फळीला चिकटेल, त्यामुळे मूळ माती फक्त तिथेच दिसते. चाकावरून तारेने कापल्याच्या शंखासारख्या रेघा, बुडाची कडी कशी कोरलीय, आणि जरा वर ग्लेझमध्ये एखादी बोटाच्या आकाराची फिकट जागा, जिथे धरून ते बादलीत बुडवलं होतं. कारखान्यात बनलेल्या भांड्यात हे पुसून टाकतात. कधी शिक्का असतो, कधी नसतो. जपानचे कुंभार शोजी हामादा, ज्यांनी १९२० मध्ये इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्यासोबत इंग्लंडमधल्या सेंट आयव्ह्ज इथे पॉटरी उभी केली आणि नंतर जपानात परतून माशिको गावी स्थायिक झाले, ते तिथे आपल्या भांड्यांवर सही करत नसत. इकडे आत्याच्या सहीसाठी मी भांडले आणि तिकडे हामादांना सहीच नको होती, दोन्ही मला पटतं, याची संगती लावायचा मी प्रयत्नही करत नाही.

आता ती झुकलेली बरणी. जिच्याकडून घेतली ती म्हणाली ही विकायला नाहीचे, सेकंड आहे, भट्टीत वाकली. स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजलेली घट्ट भांडी, साधारण १२०० ते १३०० अंशांवर भाजतात आणि त्या तापमानाला माती थोडी मऊ पडते. एक बाजू जाड राहिली असेल किंवा आच एकीकडून जास्त लागली असेल तर भांडं झुकतं. ओल्या मातीपासून भाजलेल्या भांड्यापर्यंत ते दहा-बारा टक्के आक्रसतं, म्हणजे चाकावर जे दिसतं ते कधीच शेवटचं नसतं. पाच-सहाशे अंशांच्या आसपास मातीच्या कणांत रासायनिकरीत्या अडकलेलं पाणी निघून जातं आणि त्यानंतर तिचा परत चिखल होऊ शकत नाही. माघारी फिरायची वाट तिथे बंद. मी म्हटलं, मला वाकलेलीच हवी. कारण सरळ सांगायचं तर आजोबांच्या चौकटीतल्या चित्रांखाली, काटकोनात कापलेल्या माउंटखाली, सरळ रेघेत टांगलेल्या फ्रेमखाली काहीतरी वाकडं हवंच होतं. सगळंच सरळ असलेल्या खोलीत माणूस अवघडून बसतो.

मांडणी मात्र मी शिकले ती एका चित्रकाराकडून. इटलीत बोलोन्याला जॉर्जो मोरांदी नावाचे चित्रकार होऊन गेले, १८९० ते १९६४. लग्न नाही, बहिणींसोबत राहायचे, झोपायची खोली हाच स्टुडिओ, आणि जवळजवळ सगळं आयुष्य त्याच त्या बाटल्या, बरण्या, डबे आणि सुरया रंगवल्या. काही बाटल्यांची चमक नको म्हणून त्यांनी त्यांना आधी सपाट रंग फासून ठेवले होते आणि वस्तूंवर साचलेली धूळ तशीच राहू द्यायचे. त्यांच्या चित्रांत बघायचं ते दोन वस्तूंमधलं अंतर. कधी दोन बरण्यांच्या कडा अगदी टेकतात, कधी मधे एवढीशी फट असते आणि त्या फटीलाच आकार येतो. मी हे बघून शेल्फवर प्रयोग केले. समान अंतरावर रांगेत ठेवलेली भांडी दुकानातली दिसतात. तीन गोळा करून एक लांब ठेवलं की लगेच काहीतरी घडतं, एक मागे, अर्धं झाकलेलं, ठेवलं की अजून काहीतरी. आणि शेल्फचा एक भाग रिकामा ठेवायचा, तो भरायचा मोह होतो पण भरायचा नाही. धूळ मात्र मी पुसते, मोरांदींइतकी माझी साधना नाही.

चित्र आणि भांडं जोडीला लावताना मी रंग जुळवत नाही. निळं चित्र त्याखाली निळा फ्लॉवरपॉट, हे हॉटेलच्या लॉबीत ठीक. मी पोत बघते. काचेमागच्या चित्राला चमक असतेच, मग त्याखाली मॅट, खरखरीत, कमी ग्लेझची भांडी. आत्याच्या काळ्या बारीक रेघांच्या एचिंगखाली एकच मोठी पसरट थाळी, कसलीही नक्षी नसलेली, कारण रेघांजवळ रेघा नेल्या की दोन्ही मरतात. गडद तैलचित्राला काच नाही, रंगाचा थर जाड आणि खोल, तिथे टेनमोकुची चमक चालते. भांड्यांची उंची फ्रेमच्या खालच्या कडेच्या वर सहसा जाऊ देत नाही, एखादंच घुसलं तर चालतं, आमची बरणी घुसते. याला एक अपवाद केलाय मी. त्या राखाडी पडलेल्या संध्याकाळच्या चित्राखाली एक छोटा वाडगा ठेवलाय, भट्टीतल्या आगीने त्याच्या कडेला गुलाबीसर झाक आलीय, अगदी पट्टीतल्या आभाळाच्या जवळची. भाजलेल्या ग्लेझचा रंग उन्हाने उडत नाही. तेवढं एक मॅचिंग मी स्वतःला माफ केलं. ती पट्टी झाकून टाकायची नव्हती म्हणून नवीन माउंटची खिडकीही थोडी मोठी केली, त्यामुळे आता आभाळाच्या कडेला गुलाबी रेघ दिसते आणि येणारे लोक विचारतात की हे असं का रंगवलंय.

वापराबद्दल थोडं. भांडी नुसती मांडून ठेवायची नाहीत या मताची मी आहे, पण डोळे उघडे ठेवून. वारशात येणाऱ्या जुन्या रंगीत थाळ्यांच्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थाने ते सुटतं, म्हणून त्या भिंतीवर किंवा फार तर किल्ल्यांसाठी. कमी तापमानावर भाजलेलं भांडं पाझरतं, त्यात पाणी भरून फुलं ठेवली की सकाळी लाकडी टेबलावर पांढरं वर्तुळ. आत काचेचा ग्लास ठेवायचा, प्रश्न संपला. ग्लेझवर जाळीदार चिरा दिसल्या तर भांडं लगेच फुटणार असं नाही. ग्लेझ आतल्या मातीपेक्षा जास्त आक्रसलं की अशा चिरा पडतात, भट्टी उघडल्यावर टिण टिण असा आवाजही येतो, आणि चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळातल्या गुआन नावाच्या भांड्यांवर तर ही जाळी मुद्दाम आणली जायची. खायच्या भांड्यात मात्र त्या चिरांत डाग शिरतात, मग ते भांडं शेल्फवर बढती घेऊन येतं.

आणि फुटतं. भाच्याच्या हातून माझ्या आवडत्या मगचा कान गेला. लगेच दोघातिघांनी किंत्सुगी कर, किंत्सुगी कर म्हणून सुचवलं, म्हणजे फुटलेलं भांडं जोडून सांध्यांवर सोनं लावायची जपानी पद्धत. किंत्सुगीवरच्या प्रेरणादायी पोस्टी वाचून मला आता खरंच कंटाळा आलाय. जखमा सोन्याने भरा वगैरे. प्रत्यक्षात ते उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचं लॅकर आहे, ते वाळायला दमट हवा लागते, एकेका थराला दिवसचे दिवस आणि सगळं मिळून आठवडे, कधी महिने जातात, ओलं असताना अंगावर उठतं, आणि सोनं फक्त शेवटी वरून भुरभुरवतात. सगळं काम चिकाटीचं आहे, सोनं नावाला. बाजारात मिळणारे इपॉक्सी आणि सोनेरी पावडरचे किट दिसायला ठीक, पण त्याने जोडलेल्या मगमधून चहा पिऊ नये. माझा मग बिनकानाचा, आत्याच्या एचिंगखाली, पेन्सिली घेऊन उभा आहे. टवक्यावर बोट फिरवलं की खरखरीत माती लागते. भाच्याला वाईट वाटत होतं, त्याला म्हटलं आता हा खरा माझा झाला, आधी तो बनवणारीचा होता.

जपण्याबद्दल मला सगळ्यात पटलेली गोष्ट एडमंड द वाल यांची. ते स्वतः पोर्सिलेनचे नामवंत कुंभार, आणि त्यांना टोकियोत राहणाऱ्या आजीच्या भावाकडून २६४ नेत्सुके मिळाले, म्हणजे हस्तिदंत आणि लाकडाच्या मुठीत मावणाऱ्या जपानी कोरीव वस्तू. कुटुंब व्हिएन्नात स्थायिक झालेलं, ज्यू, श्रीमंत. नाझींनी घर लुटलं तेव्हा घरात काम करणाऱ्या ॲना नावाच्या बाईंनी या वस्तू थोड्या थोड्या करून आपल्या गादीत लपवल्या आणि युद्धानंतर परत दिल्या. बाकीची मोठमोठी चित्रं, फर्निचर, जवळजवळ सगळं गेलं, आणि मुठीत मावणारं तेवढं राहिलं. मला त्यात अजून एक आवडतं, की त्याआधी त्या घरात या वस्तू आईच्या कपडे घालायच्या खोलीत असायच्या आणि आई तयार होत असताना मुलं त्यांच्याशी खेळायची. काचेचं कपाट होतं, पण ते मुलांसाठी उघडायचं. आणि पुढे द वाल यांनी काय केलं, तर त्यातल्या काही निर्वासितांच्या मदतीसाठी विकल्या आणि बऱ्याचशा व्हिएन्नातल्या ज्यू संग्रहालयाला दीर्घ मुदतीसाठी ठेवायला दिल्या. इतकं सोसून टिकलेल्या वस्तू, आणि तरी सोडल्या.

हे वाचल्यावर मला माझ्याही खोक्यांकडे बघायचा धीर आला. आजोबांची सगळी चित्रं मी ठेवलेली नाहीत. काही सरळ सरळ कच्ची होती, सरावाची, त्यांनाही ती फ्रेममध्ये आवडली नसती. ती सपाट फोल्डरमध्ये, ॲसिड-फ्री कागद मधे घालून ठेवलीत. काही चुलत भावंडांना दिली. एक आजोबांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीला दिलं, कारण चित्रातलं घर तिचं होतं, तिने ते बघताक्षणी ओळखलं. आईला सुरुवातीला पटलं नाही, "अगं, घराण्याचं आहे ते." मी म्हटलं आई, पाठ करून ट्रंकेत पडलेलं काय घराण्याचं.

एक काम मात्र मी सगळ्यांना करायला सांगते, आणि ते कोटवाल्या गृहस्थांमुळे सुचलं. प्रत्येक फ्रेमच्या मागे एक कागद लावलाय, कोणी काढलं, कुणाकडून आलं, काचेखाली काय बदललं. चित्राच्या कागदावर लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, मागच्या बाजूला, कडेला, शाई कधीच नाही कारण ती पुढे झिरपते. भांड्यांना असं काही लावता येत नाही, त्यांच्यासाठी वही केलीय, फोटो, बनवणाऱ्याचं नाव, माती, भट्टी. बिनकानाच्या मगपुढे भाच्याचं नाव लिहिलंय, त्याने ते वाचलं आणि खोडायला लावलं, मी खोडलं नाही. कोटवाल्यांच्या मागे लिहिलंय: कोण ते माहीत नाही, बाबांच्या मते मामा, काकांच्या मते कुणीच नाही, किल्ल्यांवर लक्ष ठेवतात.

परवा वहिनी वही चाळत होती. म्हणाली, हे सगळं पुढे कुणाला जाणार तेही लिहून टाक ना, म्हणजे नंतर कटकट नको. मी शेवटच्या पानावर लिहिलं की ज्याला जे आवडेल ते त्याने न्यावं, कुणालाच आवडलं नाही तर विकावं किंवा देऊन टाकावं, फक्त "तुझ्याकडे नीट राहील" म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नये. तिने वाचलं आणि म्हणाली, बरं मग ती वाकडी बरणी माझी, आत्ताच सांगून ठेवते.